ताप चढावा म्हणून

एकतीस वर्षं मी ताप उतरवला.
उदगीरचा सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड,
कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी,
काखेत काच,
आणि पायथ्याच्या तक्त्यावर निळ्या शाईचा डोंगर
रोज थोडा थोडा खाली आणायचा.
आता परसात पाटावर बसते
आणि ढिगाला म्हणते,
चढ बाबा. चढ की.

तीन आठवडे झाले, चढत नाही.
बसलिंगच्या मळणीतलं सोयाबीनचं भूस, पोती चार,
कोयत्यानं बोटबोटभर केलेल्या तुराट्या,
कडुलिंबाचा गळका पाला, रसवंतीवरची चिपाडं;
सगळं टाकलं तसंच्या तसं,
ओळखू येतंय एकेक.
आत हात घातला तर गार.
कुठलं गार ते सांगत नाही.
माझ्या हाताला ते माहीत आहे.

भिंतीपलीकडून खैरुनबी बघते, शेळीचं दावं हातात.
“भुका है बाई वो. कुच खिलाव उसकू.”
आणि विचारायच्या आत
दोन टोपली लेंड्या भिंतीवरून अलीकडे.

मग मी खाऊ घालायला लागले.
शेण, ओलं, वासासकट.
स्टँडवरच्या हॉटेलातला चहाचा चोथा,
बाजार उठल्यावरची पिवळी मेथी, कोबीची बाहेरची पानं.
पाण्याचं अवघड. नळ नवव्या दिवशी,
तेही अर्धा तास, तेही खोकत.
तांदूळ धुतलेलं ठेवलं, भांड्यांचं दुसरं पाणी ठेवलं.
किती घालायचं हे कुणी सांगायला नको होतं:
पट्टी पिळून कपाळावर ठेवतो तेवढीच ओल.
मुठीत दाबलं तर एक थेंब यावा,
दुसरा येऊ नये.

आणि ढीग लहान होता, गुडघ्याएवढा. तीच चूक.
लहान जीवाला स्वतःची ऊब धरता येत नाही.
सातव्या महिन्यातली पोरं मी कापसात गुंडाळून
दिव्याखाली ठेवली आहेत रात्र रात्र,
तरी हे ध्यानात यायला तीन आठवडे!
कमरेपर्यंत रचला. वरून गोणपाट.
मधोमध लोखंडी सळई खुपसली
आणि झोपले. म्हणजे पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सळई कोमट. उन्हाची असेल, म्हटलं.
तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी
शेजारचा मुनीर भिंतीवर चढून ओरडतोय,
“मावशे, धूर येऊलालाय! पेटलं का काय!”
धूर नव्हता. वाफ होती.
सळई ओढली, धरली, सोडली.
बोटं तोंडात घालून हसत बसले मी एकटीच, पायरीवर.

कपाटात जुनी काच आहे, पाऱ्याची, निरोपाच्या दिवशी खिशात राहिलेली.
लावून बघावी वाटलं.
पण एकशे आठच्या पुढं तिच्यावर आकडे नाहीत,
कारण त्याच्या पुढं माणूस नसतो.
इथं तर त्याच्या पुढंच सुरू होतंय काहीतरी.

मुनीरनं अंडं आणलं, पुरलं, दर तासाला उकरलं.
संध्याकाळी पांढरं धरलं होतं, पिवळं नाही.
मांजरानं खाल्लं.

उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे, बारा वर्षांनी.
बारा वर्षं कुणाला आहेत?
मला वांग्याची रोपं लावायची आहेत पोळ्याच्या आत.
चार दिवसांनी ढीग उलथायचा,
आतलं बाहेर, काठावरचं मध्ये,
गार पडेल, पुन्हा धरेल.
कॅलेंडरच्या पाठीवर मी तक्ता आखलाय,
सकाळ, संध्याकाळ, निळी शाई.
रेघ वर चाललीय.
आणि अजून, रोज, टिंब देताना
हात क्षणभर घाबरतो.